आधी हात ओले कर

आज सकाळी एका नातेवाइकांचा फोन आला. बाबांची आठवण काढली, बरं वाटलं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "साधा माणूस गं. घर, बाग आणि गळ, ह्यापलीकडे काही केलं नाही त्यांनी."

दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत.

काही केलं नाही म्हणजे काय हो?

मी आठ-नऊ वर्षांची असेन. उन्हाळा होता आणि बाबांनी मला अंधारातच उठवलं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे खोल जातात, म्हणून उजाडायच्या आत पाण्यावर पोचायचं. गांडुळं आदल्या संध्याकाळी आम्ही वाफ्यातूनच काढली होती, मोजून, आणि वाफा परत झाकून ठेवला होता. दोऱ्याला बांधलेलं बूच बुडालं आणि माझ्या गळाला पहिला मासा लागला. वीतभरही नसेल. मी झडप घालणार तोच बाबा म्हणाले, "आधी हात ओले कर."

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तेच त्याचं कवच, रोगजंतूंपासून वाचवणारं. कोरड्या हाताने धरलं की तो थर निघून येतो, मग मासा पाण्यात सोडला तरी जगेल याचा भरवसा नाही. मी हात बुडवले. गळाचा उलटा काटा बाबा पकडीने आधीच चेपून ठेवायचे, त्यामुळे तो अलगद सुटला. मग त्यांनी मासा पाण्यातच धरून ठेवला. त्याने स्वतःहून शेपटी मारेपर्यंत. मला वाटतं तेवढा वेळ त्यांनी श्वासही घेतला नसेल.

हे "काही नाही"?

ज्यांनी "काही केलं", त्यांच्यातल्या कितीजणांना आपलं पोर कितवीत आहे हे न विचारता सांगता येतं? पाटी, गाडी, पद, सगळं आहे, आणि घरात शिरले की सगळे दबकून बसतात. आमच्या घरात बाबा आले की दार उघडायला भांडण व्हायचं.

बढती नाकारली त्यांनी, हे खरं. पैशाची ओढ आईने जास्त सोसली, हेही खरं. आणि मासे मारून खाणाऱ्याला कसली आली माया, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा. जेवढे लागायचे तेवढेच आणायचे, बाकीचे सोडायचे. गळाच्या दोऱ्याला बांधायची शिशाची वजनं गिळून पाणपक्षी मरतात हे वाचलं, त्या दिवशी डबीतली सगळी वजनं बाजूला काढली आणि लोखंडी नट बांधायला लागले. ब्रिटनमध्ये याच कारणासाठी 1987 साली बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली, हंस मरत होते म्हणून. बाबांना त्यासाठी बंदीची गरज लागली नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. फोन करणाऱ्यांच्या मनात वाईट नसणार, मला माहीत आहे.

बारावीत नापास झाले तेव्हाचं सांगते. निकाल हातात घेऊन मागच्या दाराने आले. बाबा गुलाबाची छाटणी करत होते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बघायचा, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, म्हणजे झाड मधून मोकळं राहतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे नाही. कात्री माझ्या हातात दिली. "ही फांदी तू काप. घाई नाही." संध्याकाळपर्यंत निकालाचा शब्द काढला नाही. मीच काढला, अंधार पडल्यावर, आणि खूप रडले.

तेव्हा कळलं नव्हतं. माझ्याजवळ येतानाही त्यांनी हात ओले केले होते.

जायच्या आठवडाभर आधी बाबांनी टोमॅटोचं बी पेरलं होतं. महिना होऊन गेला, खिडकीत उजेडाकडे ओढ घेऊन रोपं लांबट, किरकोळ झाली आहेत. आई म्हणाली, वाया गेली. नाही गेली. बाबांनीच शिकवलंय, अशी रोपं खालची पानं काढून खोल लावायची, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

उद्या उन्हं उतरली की मी आणि माझा मुलगा लावणार आहोत. माती आत्ताच भिजवून आले.