सात नंबर

वाद पेटला तो मास्तरच्या एका वाक्यावरून. ताई आयसीयूत सिस्टर आहे. रात्रपाळी संपवून घरी जायच्या ऐवजी तिला आज ताणमुक्तीच्या शिबिराला बसावं लागलं, हजेरी सक्तीची होती. ती हे सांगत असतानाच मास्तर म्हणाला, "पण तुमच्या कामात समाधान तरी आहे. जीव वाचवता. अण्णाला विचार, दिवसभर फायली सरकवून त्याला काय मिळतं?"

"वेळेवर सुटका मिळते," अण्णा म्हणाला. "सेवा आहे, थांब जरा, असं म्हणून मला कुणी डबल ड्युटी लावत नाही."

मास्तर हटेना. त्याचं म्हणणं, ज्याला कामाची मनापासून आवड आहे तो थकत नाही. थकतात ते मनानं कच्चे. हे ऐकून मला राहवलं नाही. उलट आहे रे! 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 'बर्नआउट'वर, म्हणजे कामाच्या ताणानं पार गळून जाण्यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना बघून. त्याला दिसलं ते हेच, की जे झोकून देतात तेच आधी करपतात. आणि समाधानाचंच म्हणशील तर फ्रेडरिक हर्झबर्गनं 1959 मध्येच मांडलंय, की माणसाला सुखावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि पिडणाऱ्या वेगळ्या. कामाला अर्थ आहे म्हणून अपुरी माणसं, वरिष्ठांचा जाच, धड न मिळणारी सुटी यांची भरपाई होत नाही. ताईला काम आवडतं आणि तेच काम तिला पिळून काढतं. दोन्ही खरं.

"मग शिबिरात वाईट काय?" मास्तर म्हणाला. "मन खंबीर होत असेल तर होऊ दे की."

ताई इतका वेळ गप्प होती.

"परवा सकाळी एका पेशंटची मुलगी आली," ती म्हणाली. "विचारलं, बाबांनी रात्री पाणी मागितलं का? माझ्या तोंडून निघालं, कोण, सात नंबर? तीन दिवस मीच त्यांचं अंग पुसत होते. नाव पाठ होतं मला. त्या मुलीचा चेहरा असा उतरला…"

कुणीच काही बोललं नाही. क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजायची जी प्रश्नावली केली, तिच्यात तीन गोष्टी तपासतात: मनानं रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस न वाटणं आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. दुसरी गोष्ट ताईनं आम्हाला दाखवलीच होती.

"किती पेशंट होते तुझ्याकडे?" अण्णानं विचारलं.

"चार. दोन असायला हवेत."

माझ्या मते सगळं इथेच अडलंय. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास वॉर्डातल्या परिचारिकांचा होता. एकीच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की बर्नआउटची शक्यता 23 टक्के आणि कामाबद्दल नाराजीची 15 टक्के जास्त आढळली. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांच्या मृत्यूची शक्यताही 7 टक्के जास्त. दीर्घ श्वास घेऊन हे कसं भरून निघणार? जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हणते. मग इलाज ड्युटी लिस्टवर करा ना. शिबिर ठेवायचंच तर निदान सिस्टरच्या झोपेच्या वेळात ठेवू नका.

मास्तरनं मान्य केलं असं नाही. मन खंबीर हवंच, हे त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, पण आवाज खाली आला होता. मग त्यानं ताईला विचारलं, "मागितलं होतं का गं त्यांनी पाणी?"

"मला आठवत नव्हतं," ताई म्हणाली. "चार्ट उघडून बघितला. पहाटे चार वाजता, पन्नास एमएल. अक्षर माझंच होतं."