तुलसीला म्हातारी होऊ द्या

29 जुलै 2025 रोजी रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा इथे टेक्ससमधल्या प्लेनो शहरात भर दुपारचे बारा वाजले होते. ती वेळ एरवी माझी आईला सांगलीला फोन करण्याची. तेव्हापासून आईने फोन मालिका संपेपर्यंत पुढे ढकलला आहे आणि बोलण्यातही बहुधा मालिकेची नायिका तुलसी विराणीच असते. पुण्यात शिकणारी माझी भाची कधी त्या फोनवर असली की चिडून विचारते, "सोसत राहणं म्हणजेच चांगुलपणा असं आठ वर्षं शिकवणारी बाई आता पुन्हा कशाला हवी?" आईला ते लागते. तिकडे चाललेला वाद थोड्याफार फरकाने हाच आहे: एका बाजूला जुन्या दिवसांची ओढ, तर दुसऱ्या बाजूला या मालिकेने रुजवलेल्या सासू-सुनेच्या साच्याबद्दलचा राग.

हा वाद ऐकताना मला माझ्या घरापासून जवळच असलेले पार्कर हे गाव आठवते. तिथे साउथफोर्क रँच आहे, 1978 ते 1991 या काळात गाजलेल्या 'डॅलस' या अमेरिकन मालिकेतल्या यूइंग कुटुंबाचे घर. आई इकडे आली होती तेव्हा मी तिला तिथे नेले होते. पडद्यावरून मनात भरलेला तो पांढरा वाडा प्रत्यक्षात बराच लहान वाटतो. मागच्या पोहण्याच्या तलावाशी एक वृद्ध जोडपे थांबले होते आणि यूइंग भावांबद्दल असे बोलत होते, जणू ते त्यांचे सख्खे पुतणेच. आईला इंग्रजी फारसे कळत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ती म्हणाली, "हे यांचं शांतिनिकेतनच की गं." शांतिनिकेतन म्हणजे तुलसीच्या विराणी कुटुंबाचे घर.

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. 2001 मध्ये तुलसीचा नवरा मिहिर मालिकेत मेला तेव्हा प्रेक्षकांनी इतका आकांत केला की त्याला परत आणावे लागले. डॅलसमध्येही 1985 साली बॉबी यूइंगला मारले आणि 1986 मध्ये तो स्नानगृहातून सुखरूप बाहेर आला; मधले अख्खे वर्ष त्याच्या घटस्फोटित बायकोला पडलेले स्वप्न ठरवले गेले. दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी ते पोटात घातले, कारण त्यांना त्या माणसाची सोबत हवी होती.

2012 मध्ये टीएनटी वाहिनीने डॅलस पुन्हा आणली, तेव्हा नवे नट घेऊन जुनीच गोष्ट सांगितली नाही, तर मधली वीस वर्षे खरोखर गेली आहेत असे मानले. एकेकाळी सगळ्यांना नाचवणारा थोरला यूइंग भाऊ जे. आर. पहिल्या भागात एका शुश्रूषागृहात, नैराश्याने मूक होऊन बसलेला दिसतो. भूमिका करणारे लॅरी हॅगमन स्वतः तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला ते गेले. माझ्या शेजारी राहणाऱ्या सत्तरीच्या बाई सांगतात की, जे. आर.च्या अंत्यविधीचा भाग त्यांनी बहिणीला घरी बोलावून, शेजारी बसवून पाहिला. मालिकेतल्या नव्या पिढीच्या यूइंगांवर त्यांचा जीव काही बसला नाही. 2014 मध्ये तिसऱ्या पर्वानंतर मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी ती वाचवण्याची मोहीम काढली, पण उपयोग झाला नाही.

माझ्या शेजारणीशी बोलताना एक फरक मला फार जाणवतो. जे. आर. पूर्वीसारखाच कावेबाज राहिला आहे ना, एवढीच त्यांची काळजी होती. त्याने तरुणांना काय शिकवावे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आपल्याकडे मात्र तुलसी ही पहिल्यापासून आदर्श म्हणून उभी केलेली, त्यामुळे आई तिच्यात संस्कार शोधते आणि भाची त्याच संस्कारांचा हिशेब मागते. भाचीचा राग मला पटतो. 2000 ते 2008 या काळातल्या 1833 भागांत घर सांभाळण्याचा जवळजवळ सगळा भार एका बाईच्या सहनशीलतेवर टाकला होता आणि त्याला मोठेपणाचे नाव दिले होते. पण आईसारख्या प्रेक्षकांना मागासलेले म्हणून मोडीत काढणे मला अजिबात मान्य नाही. दिवसभर शाळेत शिकवून, घरातल्या सगळ्यांची जेवणे आटोपून, ओटा पुसून रात्री साडेदहाला बसणाऱ्या त्या बाईचा तो अर्धा तासच काय तो तिचा स्वतःचा होता.

म्हणून माझे मागणे तुलसीला घालवा असे नाही, आणि तिला पूर्वीसारखीच ठेवा असेही नाही. जे. आर.ला जसे थकलेले दाखवले, तसे तिलाही दाखवा. इतकी वर्षे गिळलेल्या शब्दांची किंमत तिने काय मोजली ते तिच्याच तोंडून येऊ द्या आणि ते ऐकताना घरातल्या कोणाला तरी खाली मान घालावी लागू द्या. मागच्या आठवड्यात हे मी आईला बोलून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तिने एकदा तरी म्हणावं, आज स्वयंपाक मी करणार नाही." भाची फोनवरच होती, ती लगेच म्हणाली, "आजी, असा भाग आला तर मीही बघेन."