‘४२ ध्वनी झाले की वाचन आलं’ हा समज चुकीचा आहे

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत, मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो. ४२ ध्वनींचा फोनिक्स कोर्स, म्हणजे अक्षरांचे ध्वनी शिकून ते जोडत वाचण्याचा कोर्स, संपला की मूल इंग्रजी वाचतं. तोवर मराठी अक्षरं दाखवू नका, गोंधळ होतो. उच्चारासाठी ॲप पुरेसं आहे. आणि सरावाला स्टेशनच्या पाट्या, चित्रांची पुस्तकं वाचायला द्या. यातलं फोनिक्स हवं एवढंच बरोबर आहे.

४२ हा आकडा जॉली फोनिक्स या फोनिक्स शिकवण्याच्या कार्यक्रमाच्या क्रमातला आहे. त्यात सहा-सहा ध्वनींचे सात गट आहेत आणि पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन. पण या पहिल्या फेरीत एका ध्वनीचं बहुधा एकच स्पेलिंग शिकवलं जातं. ‘रेन’मधला ए-आय येतो. ‘डे’मधला ए-वाय, ‘केक’च्या शेवटचा मुका ई आणि आठ या अर्थाच्या ‘एट’मधला ई-आय-जी-एच मागे राहतात. म्हणून ४२ ध्वनी पाठ असलेलं मूल ‘केक’ला ‘कॅके’ म्हणतं. दोष मुलाचा नाही, तिथवर त्याला कुणी नेलेलंच नसतं. फोनिक्सचं किट घेताना दुसऱ्या टप्प्यात ही पर्यायी स्पेलिंगं आहेत का, ते आधी बघा. पहिल्या गटाची अक्षरं तर जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहूनही भागतं.

मराठीमुळे गोंधळ होतो, हा यातला सर्वात नुकसान करणारा मुद्दा. अडचण खरी आहे, पण ती वेगळी आहे. आपल्या ‘स’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो. त्यामुळे मूल ‘सअ-ॲ-टअ’ म्हणतं आणि त्याचं ‘सॅट’ काही होत नाही. यावर उपाय मराठीतच आहे. ‘साप’ म्हणायला सांगा आणि ओठ मिटलेले असतानाच थांबवा. तो पीचा ध्वनी. ‘रस’चा शेवट लांबवा, तो एस. ‘कान’मधून एन मिळतो, ‘ताट’मधून टी. अक्षरओळख असेल तर शेजारी पाय मोडलेला प् लिहून दाखवा, मुलाला लगेच उमगतं. ॲ आणि ऑ तर मराठी वर्णमालेत आहेतच. ध्वनी जोडून शब्द म्हणायची सुरुवात लांबवता येणाऱ्या ध्वनींनी करा. ‘सॅट’, ‘सिट’, ‘निप’ आधी, ‘टॅप’, ‘पिन’ नंतर. टी आणि पी ताणता येत नाहीत, म्हणून तिथे जोड तुटते. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं हा उलगडा (अक्षरांवरून शब्द उच्चारता येणं) आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच. ‘नॅप’ वाचलं की ‘डुलकी’ असं मराठीत सांगा. अर्थ कळला की शब्द टिकतो.

ॲपबद्दल थोडक्यात. अमेरिकन उच्चाराच्या ॲपमध्ये ‘हॉट’ हे ‘हाट’सारखं आणि ‘पॉट’ हे ‘पाट’सारखं ऐकू येतं. घरी सगळे ‘हॉट’ म्हणत असतील तर ओ या अक्षराचा ध्वनी नेमका कोणता, हेच मुलाला ठरवता येत नाही. तुमचा स्वतःचा उच्चार चालेल, फक्त तो रोज एकच ठेवा.

स्टेशनच्या पाट्यांचा सल्ला वरवर पटतो, म्हणून तो जास्त फसवतो. ठाणे-वाशी मार्गावरची रोमन नावं बघा. ‘ठाणे’ सुरू होतं टी-एचने आणि फोनिक्समध्ये टी-एच म्हणजे ‘थिन’मधला थ, त्यामुळे मूल ‘थेन’ वाचतं. ‘ऐरोली’तला ए-आय ‘रेन’सारखा नाही. ‘घणसोली’त जी-एच म्हणजे घ, तर ‘लाइट’मध्ये तेच जी-एच मुके. मुलाने नियम बरोबर लावूनही तो चुकला असं आपण सांगतो आणि त्याचा नियमावरचा विश्वास उडतो. त्या पाटीवरची देवनागरी ओळ वाचू द्या, ती बहुतेक जशी लिहिली तशी वाचता येते.

पुस्तकांचंही तसंच. हत्तीचं चित्र आणि खाली ‘आय सी ॲन एलिफंट’, असं पान मूल चित्रावरून म्हणतं. तळहाताने चित्र झाका, म्हणजे कळेल. सुरुवातीच्या पुस्तकात पन्नास शब्द मोजा. न शिकवलेल्या स्पेलिंगचे शब्द दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर ते पुस्तक दोन महिन्यांनी काढा. तोवर ते तुम्हीच वाचून दाखवा.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून मुलांची एक चाचणी घेतात. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० बनावट, कारण बनावट शब्द पाठ केलेला नसतो. घरीही हे जमतं. पहिल्या सहा अक्षरांतून ‘निस’ आणि ‘टॅस’ लिहा. मूल ‘निस’ला ‘निप’ म्हणालं तर ते पहिली दोन अक्षरं बघून अंदाज करतंय. पुढचा गट थांबवा, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत जायला लावा आणि तीन-चार दिवसांनी नवे बनावट शब्द देऊन पुन्हा बघा.