बुद्धाकडं सर्टिफिकेट मागायचं कशाला?

गेल्या रविवारी विहारात वंदनेला गेलो होतो, शेजारी भाचा. पहाटे ग्राउंडवर पळून तसाच आलेला, ट्रॅकपँटला लाल माती, सॉक्समध्ये कुसळं. अग्निवीरची तयारी चाललीय त्याची, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचंय आणि गडी पाच पंचेचाळीसला अडकलाय. हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणत होता, पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि, म्हणजे पंचशीलातलं पहिलं, जीव मारण्यापासून लांब राहायची शिकवण घेतो. बाहेर चपला घालताना हळूच म्हणाला, मामा, इथं हे म्हणायचं आणि तिकडं जाऊन रायफल धरायची, हे कसं काय ओ?

मी म्हणलं घरी गेल्यावर सांगतो. म्हणजे काय, तर मला सांगता आलं नाही.

मग नको ती अक्कल सुचली, समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. अर्ध्या लोकांनी कोरेगावच्या स्तंभाचे फोटो टाकले, आपण लढवय्ये वगैरे. बाकीचे म्हणाले धम्मात हिंसेला जागा नाही, पोराला दुसरी नोकरी बघायला सांग (दुसरी नोकरी कुठाय ते कुणी सांगितलं नाही). शेवटी एका सरांनी बुद्धाच्या काळातल्या वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद फॉरवर्ड केला आणि सगळे गप झाले. म्हणजे सेनापती विचारतो की आपण युद्ध करणं चूक म्हणता का, आणि बुद्ध सांगतात की युद्ध वाईटच, पण सगळे उपाय करून थकल्यावर शांततेसाठी, न्यायासाठी जो लढतो त्याला दोष नाही. झालं, मिळालं सर्टिफिकेट.

मीपण हेच वर्षानुवर्षं सांगत आलोय, भाषणात टाळ्या पण घेतल्यात. बाबासाहेबांच्या लिखाणातही हा संवाद येतो. पण मूळ पालीत सिंह सेनापतीची गोष्ट वाचली ना, तर तिथं युद्धाचा विषयच नाही. तो निगंठांचा, म्हणजे जैनांचा, उपासक असतो, बुद्ध अक्रियावादी (कर्माला फळ नाही म्हणणारे) आहेत का वगैरे विचारतो, मग उपासक होतो, मग जेवणातल्या मांसावरून गावात बोंबाबोंब होते. युद्धाचं ते उत्तर पॉल कॅरस नावाच्या लेखकाच्या १८९४ च्या इंग्रजी पुस्तकातून आलंय, त्यानं पदरची भर घातलीय. हे कळलं तेव्हा मला दोन दिवस कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू.

आणि खरोखर एका सैनिकानं बुद्धाला विचारलेलं आहे, संयुत्त निकाय या पाली ग्रंथात, योधाजीव सुत्त. योद्ध्यांचा एक म्होरक्या येतो आणि म्हणतो, आमचे जुने आचार्य सांगत आले की लढता लढता जो मरतो तो देवांमध्ये जन्म घेतो, तुमचं काय मत? बुद्ध म्हणतात, राहू दे, हे मला विचारू नको. तो परत विचारतो. परत तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, लढताना त्या माणसाचं मन आधीच खाली गेलेलं असतं, ‘हे मरू देत, हे कापले जाऊ देत’ असं, आणि अशा मनानं मेलेला नरकात जातो. म्होरक्या रडायला लागतो. बुद्ध म्हणतात, म्हणून तर सांगत नव्हतो. त्यावर तो म्हणतो, तुम्ही बोललात म्हणून नाही रडत, त्या आचार्यांनी आम्हाला इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतोय.

नरक बाजूला ठेवा, आपण ते मानत नाही. पण बोट कुठं ठेवलंय बघा, मनावर. बाबासाहेबांनीही अहिंसेवर लिहिताना तिथंच बोट ठेवलं, मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. हे मला पटतं, पण फौजेत ती गरज नुसती गरज राहते का, हा माझा प्रश्न.

तो मी आण्णांना विचारला. आमचे आण्णा महार रेजिमेंटचे रिटायर्ड हवालदार, ट्रेनिंग सागरच्या सेंटरला. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते, मान वर न करता म्हणाले, गवत भरलेल्या पोत्यात संगीन घालायला लावायचे, आणि नुसती घालून चालायचं न्हाई, वरडायला लागायचं. मी मनातल्या मनात वरडलो की उस्ताद परत पळवायचा. मी म्हणलं, शत्रूला भ्या दाखवायला? तर म्हणाले, पोत्याला कसलं भ्या रं, ते आपल्यासाठी असतं, हात मागं येऊ ने म्हणून.

म्हणजे इच्छा तयार करतात. तिच्याशिवाय हात उचलत नाही. योधाजीव सुत्त आण्णांनी वाचलेलं नाही, वाचायची गरज पण नाही त्यांना.

आता दुसरी गंमत. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मधला सिद्धार्थ घर का सोडतो? म्हातारा, आजारी, प्रेत बघून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य, म्हणजे त्याचेच लोक, शेजारच्या कोलीयांशी युद्ध करायचं ठरवतात, सेनापती २० ते ५० वयाच्या सगळ्यांना सैन्यात यायची सक्ती आणतो, आणि २८ वर्षांचा सिद्धार्थ भर सभेत सांगतो मी येणार नाही. मग धमकी काय, तर फाशी किंवा हद्दपारी, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त. बहिष्कार! हे लिहिणारा माणूस सुभेदाराचा मुलगा, आणि त्याच माणसानं महारांसाठी बंद केलेली लष्कराची दारं उघडावीत म्हणून सरकारशी भांडून, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट आपल्याला मिळवून दिली. लोकांना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. ज्याला दारातच उभं करत नाहीत त्यानं ‘मी जात नाही’ म्हणण्याला काय किंमत? आधी जायचा हक्क पाहिजे, मग नाकारायचा.

सर्टिफिकेट दिलं की काय होतं ते श्रीलंकेत बघा. महावंस या तिथल्या जुन्या पाली इतिहासग्रंथात दुट्ठगामणी राजा लढाई जिंकतो आणि त्याला झोप लागेना, एवढी माणसं मारली म्हणून. अर्हंत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्खू, येऊन समजूत घालतात, राजा, तू फक्त दीडच माणूस मारलास. एकानं तिसरण घेतलं होतं (बुद्ध, धम्म, संघाला शरण गेला होता) तो अर्धा, दुसऱ्यानं पंचशील घेतलं होतं तो पूर्ण, बाकीचे जनावरासारखेच. आण्णा श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतीसेनेत जाफन्याला होते, त्यांनी तिथं बघितलेलं ते कधी पूर्ण सांगत नाहीत. राजाला झोप लागत नव्हती तेच बरं होतं असं मला वाटतं.

(आपल्या आर्मीत धर्मगुरूंच्या भरतीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्रींबरोबर बौद्ध भिक्खूचीही पोस्ट असते. आणि विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, बघाल तर मगधाच्या बिंबिसार राजाचे सैनिक युद्ध नको म्हणून पळून भिक्खू व्हायला लागले तेव्हा राजानं तक्रार केली आणि बुद्धांनी सैनिकांना दीक्षा द्यायचं बंद केलं. सैनिकाला भिक्खू होता येत नाही, भिक्खूला मात्र फौजेत जाता येतं. असो.)

तर भाच्याला मी शेवटी सांगितलं, जा. चार वर्षं तर चार वर्षं, ताईच्या घरावर स्लॅब पडेल. पंचशील पण म्हण, पण त्याचा अर्थ वाकवून रायफलला बसवू नको, दोन्ही जुळत नाहीत हे माहीत असू दे. ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकायची गोष्ट, पास झालोय असं त्यात कुठं म्हणलेलं नाही.

रात्री त्याला योधाजीव सुत्ताचं मराठी भाषांतर पाठवलं. लगेच ब्लू टिक आली. दहा मिनिटांनी रिप्लाय, मामा रॅली झाल्यावर वाचतो, आज पाच अडतीस आलंय.