जेडचा प्याला विष ओळखत नाही आणि रक्तदाबही उतरवत नाही

शाहजहानच्या पांढऱ्या प्याल्याचे छायाचित्र लावलेला एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर हातोहात पुढे जातो आहे. त्यातले दावे असे: मुघल बादशहा जेडच्या प्याल्यातूनच पीत, कारण विष पडताच हा दगड रंग बदलतो किंवा तडकतो, अशा पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याने रक्तदाब आणि हृदयविकार बरे होतात, हे प्याले पाचूचे असून ते चिनी कारागिरांनी घडवले. शेवटी ‘अस्सल’ पेला विकत घेण्यासाठी दुवा दिलेला आहे. माझ्या मावशीने तो पेला मागवला आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

आधी विषाचे पाहू. मुघल दरबारातले जेड म्हणजे नेफ्राइट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे सिलिकेट. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात, की हा दगड फोडणेही कठीण जाते. सोमलासारखे विष पेयात मिसळले, तर प्याल्यात असलेल्या वेळात त्याने या दगडाचा रंग बदलण्याचे किंवा त्याला तडा जाण्याचे रासायनिक कारणच नाही.

रसायनशास्त्र नको असेल, तर मुघलांचेच ऐका. अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात शाही मुदपाकखान्याची व्यवस्था तपशीलवार नोंदवली आहे. शिजलेले अन्न आधी स्वयंपाकी आणि बकावल (मुदपाकखान्याचे अधिकारी) चाखून पाहत, मग त्यांचा प्रमुख मीर बकावल चाखत असे. सोन्याचांदीची भांडी लाल कापडात आणि तांब्याची व चिनी मातीची भांडी पांढऱ्या कापडात बांधली जात. त्यांवर मीर बकावलाची मोहोर लागे आणि वाटेत कोणी भांडे बदलू नये म्हणून पदार्थांची यादीही मोहोर लावूनच आत जाई. बादशहासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद घागरींतून येत असे आणि त्यासाठी नदीकाठी विश्वासू माणसे नेमलेली होती. हे वर्णन अकबराच्या काळातले आहे आणि जेडच्या प्याल्यांचा खरा बहर पुढे जहांगीर व शाहजहान यांच्या काळात आला, हे खरे. परंतु या दगडाविषयीची श्रद्धा मुघलांच्या पूर्वजांच्या तैमुरी घराण्यात त्याआधीपासूनच होती. दगडाने विष कळते असा भरवसा असता, तर एका जेवणासाठी इतक्या जिभा आणि इतक्या मोहोरा लागल्या नसत्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जेड विषापासून राखते, छातीची धडधड शमवते, असे त्या काळी मानले जाई. ‘हौलदिली’ नावाची जेडची ताईतवजा पदके त्यासाठीच छातीवर लोंबत ठेवत. संदेश लिहिणाऱ्याने एवढाच धागा उचलून त्याला वैद्यकीय सत्य ठरवले आहे, आणि माझा खरा राग याच मुद्द्यावर आहे.

ज्या प्याल्याचे छायाचित्र वापरले आहे, त्यावर हिजरी 1067, म्हणजे इ. स. 1657 हे वर्ष कोरलेले आहे. त्याच हिजरी वर्षात, सप्टेंबर 1657 मध्ये, शाहजहान मूत्रावरोधाने अंथरुणाला खिळला आणि मुलांमध्ये तख्तासाठी युद्ध पेटले. जहांगीर तर आत्मचरित्रात स्वतःच सांगतो, की तरुणपणी तो दिवसाला दोनदा गाळलेल्या अर्काचे 20 प्याले रिचवत असे आणि हात इतके थरथरू लागले, की प्याला दुसऱ्यांना त्याच्या ओठांशी धरावा लागे. हकीम हुमामने त्याला बजावले, की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाजाची वेळ निघून जाईल. त्यानंतर त्याने पिणे हळूहळू कमी केले. त्याचा भाऊ मुराद 1599 मध्ये आपल्या जालन्याच्या परिसरात आणि दुसरा भाऊ दानियाल पुढे बऱ्हाणपुरात दारूपायीच गेला. जेड हे औषध आहे असे सांगताना या घराण्याचा दाखला देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. पेल्यातल्या पाण्याने तो टळत नाही. शिवाय बाजारात ‘जेड’ म्हणून सर्पेंटाइन किंवा रंगवलेला क्वार्ट्झाइट असे दुसरेच दगडही सर्रास विकले जातात.

पाचूचा दावा एका वाक्यात संपतो: पाचू हे वेगळेच खनिज आहे आणि शाहजहानचा प्याला हिरवा नसून दुधासारखा पांढरा आहे.

राहिला चिनी कारागिरांचा प्रश्न. मुघलांकडचे बरेचसे जेड खोतानच्या नद्यांतून येत असे, तो प्रदेश आज चीनमध्ये आहे; आणि या प्याल्याचा अर्ध्या भोपळ्यासारखा घाट चिनी परंपरेशी जुळतो, एवढे कबूल. मात्र सुमारे 19 सेंटिमीटर लांबीचा हा प्याला नीट पाहा. बुडाशी भारतीय वळणाचे उमललेले कमळ आहे, त्याच्या भोवती युरोपीय धाटणीची पाने आहेत, आणि भोपळा निमुळता होत होत ज्या मुठीत संपतो, ती बोकडाची वळलेली मान आहे. नेफ्राइट छिन्नीने असा तासता येत नाही; कुरुंदासारख्या कठीण दगडाची पूड आणि पाणी लावून तो कणाकणाने झिजवावा लागतो, आणि भिंती उजेड आरपार दिसेल इतक्या पातळ होईपर्यंत कारागीर तेच करत राहतो. हे काम मुघल कारखान्यांतले आहे. अठराव्या शतकात चीनच्या छियानलोंग सम्राटाने ‘हिंदुस्थानी’ जेडची भांडी आवडीने जमवली, त्यांच्यावर स्वतः कविता रचल्या आणि त्या कविता काही भांड्यांवर कोरवून घेतल्या. त्या संग्रहातली भांडी आजही तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.