तपासणीचे अहवाल आपल्याकडेही हवेत

महाराष्ट्रात वृद्धांच्या देखभालीचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: मुलांनी आईवडिलांना संस्थेत ठेवावे की नाही. परदेशी राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा उल्लेख त्यात हमखास येतो, आणि तो दोषारोपाच्या सुरात येतो. त्या आरोपाला उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत नाही. संस्था कशी आहे, तिची तपासणी कोण करते आणि त्या तपासणीत काय आढळले, हे या चर्चेत फारसे कोणी विचारत नाही. आणि ज्या घरात खुब्याचे हाड मोडलेले किंवा पक्षाघात झालेले माणूस आहे, त्या घराला नेमकी हीच माहिती हवी असते.

माझ्या सासूबाई न्यू जर्सीत आमच्याजवळ राहतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रांची एक यादी आमच्या हाती दिली आणि दुसऱ्या दिवशी निवड कळवायला सांगितले. पारंपरिक मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरील लोकांसाठी असलेला अमेरिकी सरकारचा आरोग्यविमा, अशा केंद्राचा खर्च जास्तीत जास्त 100 दिवसांपर्यंत उचलते, त्यांतले पहिले 20 दिवस पूर्ण. त्यासाठी त्याआधी रुग्णालयात सलग 3 दिवस रीतसर दाखल असावे लागते आणि नुसते निरीक्षणाखाली ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत. दीर्घकाळच्या नुसत्या सांभाळाचा खर्च मेडिकेअर देत नाही.

निवडीसाठी हाताशी काय असते, तर 1987 च्या संघीय कायद्याने उभी केलेली तपासणीची व्यवस्था. मेडिकेअर किंवा मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे घेणाऱ्या प्रत्येक केंद्राची जास्तीत जास्त 15 महिन्यांच्या आत, पूर्वसूचना न देता तपासणी व्हावी लागते, आढळलेल्या त्रुटी लेखी नोंदवल्या जातात आणि ताजा अहवाल रहिवाशांना व भेटायला येणाऱ्यांना वाचता येईल अशा जागी ठेवणे केंद्राला बंधनकारक असते. डिसेंबर 2008 पासून सरकार या केंद्रांना तपासणी, गुणवत्तेचे निकष आणि कर्मचारीसंख्या यांवरून एक ते पाच तारेही देते. बहुतेक कुटुंबे ताऱ्यांपाशीच थांबतात, आणि ते मला धोक्याचे वाटते. तपासणीचा तारा राज्यातल्या राज्यात तुलना करून ठरतो, म्हणजे एका राज्यातले चार तारे दुसऱ्या राज्यातल्या चार ताऱ्यांच्या तोडीचे असतीलच असे नाही. गुणवत्तेच्या निकषांतली बरीचशी माहिती तर केंद्राने स्वतःच भरलेली असते. कर्मचाऱ्यांचे आकडे मात्र पगारपत्रकाच्या नोंदींवरून घेतले जातात, आणि 2022 पासून शनिवार-रविवारी किती माणसे कामावर असतात व वर्षभरात किती जण नोकरी सोडून जातात, हेही जाहीर होते. माझ्या मते सगळ्यांत आधी वाचावे ते हेच.

आम्ही निवडलेल्या केंद्राचे तारे उत्तम होते आणि फिजिओथेरपीही मनापासून होत असे. तरीही रविवारी दुपारी घंटी वाजवल्यावर सासूबाईंना शौचालयात नेण्यासाठी कोणी लवकर येत नसे, म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले. हे कोणत्याही अहवालात सापडत नाही. सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या वेळी तिथे जाऊन बसले तरच दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर किती तासांनी कुशीवर वळवतात, त्याची नोंद दाखवतात का, शाकाहारी जेवणात रोज नेमके काय असते, मराठी किंवा निदान हिंदी समजणारे कोणी पाळीवर आहे का, हे आधीच विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला इंग्रजी हळूहळू सोडून जाते आणि मग दुखते कुठे हेही सांगता येत नाही.

इथल्या व्यवस्थेला मी आदर्श मानत नाही. प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान 3.48 तासांची शुश्रूषा मिळावी असा नियम 2024 मध्ये झाला, तो एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने रद्द केला. तरीही जे घडते ते लिहिले जाते आणि कोणालाही वाचता येते, याचे मोल मला फार वाटते.

आता पुण्यात माझ्या वडिलांसाठी अशाच केंद्राचा शोध घेताना माझ्यासमोर असतात ती बागेची छायाचित्रे, डिपॉझिटची रक्कम आणि ओळखीच्यांनी सांगितलेले अनुभव. ब्यूरोतून येणाऱ्या मावशींनी काय प्रशिक्षण घेतले आहे, रात्री किती जण जागे असतात, गेल्या वर्षी किती जणांना बेडसोर झाले, हे कळण्याचा सार्वजनिक मार्ग मला सापडलेला नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद आहे. खासगी देखभाल केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण मंजूर न होताच ते बारगळले. त्यावर वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत, मुलांच्या कर्तव्यावर होते त्याच्या निम्मी तरी चर्चा व्हायला हवी होती. दिल्लीत नवे विधेयक येईपर्यंत राज्य सरकारने थांबण्याचे कारण नाही: प्रत्येक केंद्राने पाळीनिहाय कर्मचारीसंख्या आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल दर्शनी भागात मराठीत लावावा, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असावी.