सत्तरीनंतर गुडघ्याजवळ हाड मोडलं, तर नुसतं झोपवून ठेवायचं?

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'सत्तरीनंतर गुडघ्याजवळ हाड मोडलं तर ऑपरेशन करू नका, भूल सोसत नाही. प्लास्टर घालून सहा आठवडे झोपवा किंवा जाणत्या वस्तादाकडून हाड बसवून घ्या. गुडघा झिजलेलाच असेल तर सरळ सांधा बदला.' मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. हा सल्ला ऐकलेली माणसं मला अंथरुणाला खिळलेली भेटतात, म्हणून लिहितेय.

आधी भूल. बऱ्याचदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, पेशंट जागा असतो. हृदय, किडनी, साखर तपासूनच घेतात. धोका नसतो असं नाही. पण झोपून राहण्यातही न्यूमोनिया आहे, शिरेत रक्ताची गुठळी आहे, पाठीच्या जखमा आहेत. म्हणून तब्येत सावरली की शक्यतो एक-दोन दिवसांतच ऑपरेशन उरकायचा डॉक्टरांचा आग्रह असतो.

प्लास्टरचं काय होतं, ते करवीर तालुक्यातल्या एका आज्जींच्या घरी पाहिलं. गोठ्यात घसरून मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. पाच आठवड्यांनी प्लास्टर कापलं तर टाच काळी पडलेली. टेप लावली तर ती मांडी दुसरीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक. आणि हाड जुळलेलंच नाही! संधिवातानं आखडलेला गुडघा वाकत नाही, मग पाय जरा हलला की हालचाल मोडलेल्या जागीच होते. झिजलेल्या गुडघ्याजवळचं हाड म्हणूनच जास्त पक्कं धरावं लागतं, प्लेटनं किंवा हाडाच्या पोकळीत घातलेल्या रॉडनं. मोडलेलं हाड जागचं हललेलं नसेल, किंवा माणूस आधीपासूनच अंथरुणावर असेल, तर ऑपरेशन टाळतातही. पण ते एक्स-रे बघून ठरतं.

वस्तादांबद्दल मला आदर आहे. तालमीत निखळलेले खांदे त्यांनी बसवलेत. पण पैलवानाचा खांदा वेगळा आणि ऐंशीच्या आज्जींचं ठिसूळ हाड वेगळं. इथं पोटरीचे स्नायू खालचा तुकडा मागे खेचतात आणि पायाची मोठी रक्तवाहिनी तिथंच मागून जाते. ओढाओढीत ती दुखावली तर पाय गमवायची वेळ येते.

सांधा बदलण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. सांध्यातच हाडाचा चुरा झालाय, गुडघा आधीच पार झिजलाय आणि माणूस पडण्याआधी चालता होता, अशा वेळी काही सर्जन लगेच सांधा बदलतात. फायदा मोठा, कारण लवकर पूर्ण वजन टाकता येतं. पण नेहमीचा कृत्रिम सांधा ज्या हाडावर बसतो तेच मोडलेलं असतं. लांब दांड्याचा, बिजागरीसारखा मोठा सांधा लागतो, आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर पुढचे मार्ग फार थोडे उरतात. त्यामुळे पुष्कळदा आधी हाड जुळवतात आणि मग गरज पडली तर सांधा बदलतात. तुमच्या सर्जनना एवढंच विचारा, "आई वॉकर धरून उभी कधी राहील?"

घरात कुणी असं पडलंच, तर पाय सरळ करायला जाऊ नका, चोळू नका. आहे तसाच उशीवर टेकवून बांधा. पाऊल गार किंवा निळं वाटलं तर घटकाभरही न थांबता सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, रक्त पातळ करायची तर आधी.